त्याच्या आधी काय केलंसा?

आण्णा मंगळवारी सकाळी गेले. दुपारी त्यांना पंचगंगेवर नेलं. संध्याकाळी सहाला शेजारचे बापू गवळी आण्णांच्या म्हशीला, मैनेला, घेऊन दूधकट्ट्यावर आले. मैनेनं दूध दिलं नाही. बापूंनी मला बोलावून घेतलं. मला बोलता आलं नाही. माझी परीक्षा रविवारी होती.

या गोष्टींचा एकमेकींशी संबंध सांगायचा, तर सहा महिने मागं जावं लागेल.

आण्णा कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दूध पेल्यात देत. कोल्हापुरात यात नवल नाही. नवल मैनेचं होतं. रेडकू गेल्यापासून शेजारी कुणीतरी एका सुरात बोलत राहिल्याशिवाय ती पान्हा सोडत नसे. आण्णा दिवसाकाठी वीसेक शब्द बोलत. ते तिला पुरत नसत. म्हणून ते गिऱ्हाइकांना बोलायला लावत. एकानं भावकीच्या वाटणीचा दावा तावातावानं सांगितला, तर तिनं लाथेनं बादली उडवली.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात कंत्राटी मदतनीस होतो. कंत्राट संपत आलं होतं. संगणक विभागात सायबर सुरक्षेची एक जागा निघणार होती. प्रात्यक्षिक परीक्षा पास झालो तर ती मला मिळणार होती, नाहीतर गाव सोडावं लागणार होतं. या परीक्षेच्या सरावासाठी इंटरनेटवर मुद्दाम कच्ची बांधलेली यंत्रं असतात. त्यांत रीतसर परवानगीनं शिरायचं आणि आत लपवलेली एक ओळ शोधून आणायची. तिला फ्लॅग म्हणतात. पहिल्याच यंत्राच्या उंबऱ्यावर मी तीन दिवस अडलो होतो. तसाच कट्ट्यावर गेलो.

"पावणं, घरात कोण आजारी हाय?" आण्णांनी विचारलं.

"नाही. एक कोडं सुटत नाही."

"मला सांगू नका, कळणार न्हाय. हिला सांगा."

मी मैनेच्या कानाशी उभा राहून सांगू लागलो. बादलीत धार वाजू लागली. "मग मी यंत्राची सगळी दारं तपासली," असं म्हणालो आणि धार बंद झाली.

"थांबली," आण्णा म्हणाले. "त्याच्या आधी काय केलंसा?"

मी आठवून पाहिलं. सगळी दारं मी तपासलीच नव्हती. यंत्राला पासष्ट हजारांवर दारं, म्हणजे पोर्ट, असतात. मी नेहमीची हजारच पाहिली होती. घरी जाऊन उरलेली पाहिली. एक उघडं होतं.

मैनेला संगणक कळतो, असा समज कट्ट्यावर पसरला. तो मोडायची आण्णांना घाई नव्हती. मला मात्र त्यांनी एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "मास्तर, तिला काय कळतंय? ती आवाज ऐकती. जिथं तुमची खात्री नसती, तिथं आवाज जरा हलतोय. तुमच्या आधी तिला कळतंय, एवढंच."

त्यांचा तो प्रश्न मात्र सगळ्यांना सारखाच असे. बायको माहेरी गेली म्हणून एक गिऱ्हाईक तक्रार करत होतं. आण्णांनी धार न थांबवता विचारलं, "त्याच्या आधी काय बोललासा?" गिऱ्हाइकानं पेला तसाच खाली ठेवला आणि गडहिंग्लजची एसटी पकडली.

एकदा मी फसवून पाहिलं. कुणीतरी इंटरनेटवर टाकलेलं आयतं उत्तर वाचून गेलो आणि मैनेला घडाघडा सांगितलं. बादली भरली. पेला हातात देताना आण्णा म्हणाले, "आज कुठंच अडला न्हाईसा. कुणाचं सांगालायसा?" मी पेला तोंडाला लावला. "दुसऱ्याचं पाठ म्हणून दूध येतंय, मास्तर. डोकं न्हाय येत."

पुढं मी भराभर यंत्रं सोडवू लागलो. दोन दिवस कट्ट्यावर गेलो नाही, तर आण्णांचा फोन आला. "सुटलं व्हय?" मी आनंदानं हो म्हणालो. "इकडं म्हस अडलीया," ते म्हणाले. "एखादं अवघड घ्या की."

परीक्षेत कुणाशी बोलायचं नाही, हे ऐकून त्यांनी मला नियम पुन्हा वाचायला लावले. प्रश्न कुठल्याही व्यक्तीला सांगू नयेत, असं लिहिलं होतं. म्हशीचा उल्लेख नव्हता. मधे सुट्टी घेता येत होती. "मग झालं की," आण्णा म्हणाले. "सहाला या." त्यानंतरच्या आठवड्यात त्यांना दवाखान्यात नेलं.

बुधवारपासून मैना जेमतेम पेलाभर दूध देत होती. शनिवारी बापू म्हणाले, "मास्तर, असंच चाललं तर आटती बघा ही."

रविवारी घरूनच दिलेल्या परीक्षेत पहिलं यंत्र सकाळीच सुटलं. दुसऱ्यावर मी दुपारपासून अडलो. पावणेसहाला कॅमेऱ्यातून लक्ष ठेवणाऱ्या पर्यवेक्षकाला सुट्टी मागितली. त्यानं कारण विचारलं. मी लिहिलं, म्हशीची धार. "कृपया खरं कारण लिहा," असं आलं. मी लिहिलं, म्हशीशेजारी उभं राहून बोलायचं आहे. मग आलं, "वीस मिनिटं."

कट्ट्यावर मी गिऱ्हाइकांना नियमाची अडचण सांगितली. सगळे रिकामे पेले घेऊन रस्त्यापलीकडं जाऊन उभे राहिले. बापूंनी कानांत कापूस घातला आणि आण्णांच्या जागी बसले.

मी सुरुवात केली. आवाज लागेना, धार येईना. पुन्हा पहिल्यापासून, एकेक पायरी सांगू लागलो. बादलीत धार वाजली. पहिल्या यंत्रात एक पासवर्ड सापडला, तो तिथं वापरला, मग दुसऱ्याकडं वळून सगळं करून पाहिलं, असं म्हणालो आणि धार थांबली. बापूंनी वर पाहिलं. इथं काय विचारायचं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी मीच विचारलं, "त्याच्या आधी काय केलंसा?"

सगळं करून पाहिलं नव्हतं. तो पासवर्ड दुसऱ्या यंत्राला लावलाच नव्हता. माणसं एकाच किल्लीवर दोन कुलपं ठेवतात. मी मैनेला तसं सांगितलं. बापूंना दुसरी बादली मागवावी लागली. घरी येऊन पासवर्ड लावला. तो लागला.

मी आता संगणक विभागात नोकरी करतो. मैना बापूंच्या गोठ्यात असते. रोज सहाला मी तिच्या कानाशी उभा राहतो. यंत्रांचं सांगितलं की ती दूध देते. आण्णांचं सांगायला लागलो की धार थांबते.