एकतीस फुलं

खंडेनवमी, १९९०. तयार माळा शंभर, ओवायच्या राहिलेल्या पन्नास, प्रत्येकीत झेंडूची एकतीस फुलं. गोदाकाठच्या फुलबाजारात आमच्या जागेवर आई, दादा आणि मी. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. मी चौदा वर्षांची होते.

त्या सकाळी नऊच्या एसटीने माझी मैत्रीण कायमची मालेगावला जाणार होती. तिच्या वडिलांची बदली झाली होती. सीबीएस, म्हणजे एसटी स्टँड, चालत वीस मिनिटांवर. मी तासाभराची सुट्टी मागितली. दादा म्हणाले, सणाचा बाजार आहे, तिला पत्र लिही. नऊ वाजले तेव्हा माझ्या हातात सुई होती आणि मला रडू फुटलं.

सणाच्या फुलावर डोळ्यांतलं पाणी पडलं तर ते देवाला चालत नाही, बाजूला काढायचं, असं आमच्या घरात मानायचे. शिवाय गिऱ्हाईक बघत होतं. आईने मला मळ्यातून माल आणलेल्या टेम्पोत मागे सुईदोऱ्यासकट बसवलं आणि ताडपत्री खाली सोडली. आत उकाडा आणि झेंडूचा उग्र वास. ती बाहेरून म्हणाली, "फुलं मोजत जा बाई. मोजलं म्हंजे रडू येत नाय."

तिने मायेनेच सांगितलं होतं. आणि उपाय लागू पडला, हीच अडचण झाली. दुपारपर्यंत बावीस माळा, सहाशे ब्याऐंशी फुलं. एकही काढावं लागलं नाही. दादांनी कौतुक केलं. पुढे सासरी निघताना मी मांडवाचे खांब मोजले. आई गेली त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या. लोक मला खंबीर म्हणायचे. ती ताडपत्री मात्र कुणी वर केली नाही, आणि मलाही ती आतून करता येईना.

२००९ च्या खंडेनवमीला सिडकोतल्या घरी मी आणि माझी तेरा वर्षांची मुलगी दाराचं तोरण ओवत होतो. मैत्रिणींनी तिला गरब्याच्या गटातून काढलं होतं. सांगता सांगता तिचा आवाज कापायला लागला.

"फुलं मोज," माझ्या तोंडून गेलं.

तिने मोजली. मग सुई खाली ठेवली. "एकतीस झाली, आई. आता रडू का?"

मला "रड" म्हणायचं होतं. मी नुसती मान हलवली. ती तोरण मांडीवर घेऊनच रडली, घड्याळात नऊ मिनिटं. मग नाक पुसून म्हणाली, भूक लागली.

तोवर मी दोऱ्याच्या टोकाची तीन ओली फुलं ओढून काढली होती. ती का काढली, असं तिने विचारलं. मी सगळं सांगितलं, टेम्पोसकट.

"मग तू कधी रडलीस?"

मी स्टूल आणायला उठले. तिने ती तिन्ही फुलं परत ओवली आणि जेवायला गेली.

मी स्टुलावर चढून तोरण बांधलं. बांधून झाल्यावर तिथेच उभी राहून फुलं पुन्हा मोजत होते.