जावयानं लावलेली तारीख

सासऱ्यांचं किल्लीचं घड्याळ मनगटावर आल्यापासून कचेरीतल्या आवक कारकुनाची मान दोन बोटं वर गेली होती. त्यानं वेळ आणि तारीख स्वतःच लावली. "एवढ्यासाठी घड्याळजी कशाला?" असं बायकोला ऐकवलंही.

अर्जांच्या शेवटच्या दिवशी जेवून आल्यावर त्यानं घड्याळात पाहिलं, तर अठरा तारीख. शिक्क्यावर मात्र सतराच! सकाळी शिक्का बदलायचा राहिला म्हणून स्वतःवरच चरफडत त्यानं अठरा केली आणि धडाधड नऊ अर्जांवर शिक्के मारले. नववा अर्ज एका नर्सबाईंचा होता. त्या खिडकीपासून हलेनात.

"काका, आज सतरा आहे. अशानं आम्ही सगळे मुदतीबाहेर जाऊ."

"हे माझ्या सासऱ्यांचं घड्याळ आहे, बाई. चुकायचं नाही."

"मग जावयानं लावलं असणार! बारा तास उलटं लागलंय, म्हणून तारीख भरदुपारी बदलते. काटे बारा तास पुढे घ्या, मग तारीख लावा."

कारकुनानं टेबलावरचा आजचा पेपर पाहिला; तारीख सतराच होती. खाडाखोड साहेबांनी मान्य केली तरच अर्ज वाचणार होते, आणि प्रत्येक खाडाखोडीशेजारी कारण लिहावं लागे. 'शिक्क्यात बिघाड' लिहायला हात शिवशिवला, पण शिक्क्याचा काय दोष? शेवटी त्यानं नऊ वेळा लिहिलं, 'कारकुनास स्वतःचे घड्याळ लावता येत नाही.'

साहेबांनी वाचलं, त्याच्याकडे पाहिलं आणि नऊही ठिकाणी सही ठोकली.

"असलं कारण कुणी खोटं लिहिणार नाही," ते म्हणाले.