उजवीकडचा खिसा

युसूफभाई गेल्याचा निरोप फोनवर आला, तेव्हा मी गुहागरला मेहुण्याकडे सुपाऱ्या सोलत बसलो होतो. सोबत त्यांचा फोटोही होता, हसरा, नेहमीच्या पांढऱ्या शर्टातला. त्यांनीच लावलेल्या सवयीप्रमाणे माझी नजर आधी खिशावर गेली. खिसा छातीच्या उजव्या बाजूला होता... शर्टाचा खिसा डावीकडे असतो. हातातली सुपारी हातातच राहिली.

रत्नागिरीत त्यांचा फोटो स्टुडिओ, मी शाळामास्तर. मुलांच्या ओळखपत्रांचे फोटो काढायला ते शाळेत आले आणि मैत्री जमली. पुढे वीस-बावीस वर्षं कुठल्याही संग्रहालयात फोटोंचं प्रदर्शन लागलं की आम्ही एसटीने निघायचो, कोल्हापूर म्हणा, मुंबई म्हणा. जुन्या फोटोंपुढे ते हात मागे बांधून गप्प उभे राहायचे. आजकालच्या फोटोंच्या दालनात मात्र तोंड सुटायचं. एका भिंतभर धूसर फोटोपुढे म्हणाले, असला फोटो मी दिला असता तर गिऱ्हाइकाने पुन्हा पायरी चढली नसती. तरी त्याच फोटोपाशी ते दोनदा परत गेले.

माझे वडीलही मास्तर. मी दीड वर्षाचा असताना गेले, आणि घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. आई म्हणायची, आरशात बघ, तसेच दिसायचे. माझी साठी उलटल्यावर रत्नागिरीतच जुन्या फोटोंचं प्रदर्शन लागलं. शिक्षकांच्या एका फोटोखालच्या पाटीवर त्यांचं नाव होतं, डावीकडून दुसरं. डावीकडून दुसरे गृहस्थ गोल चेहऱ्याचे, झुपकेदार मिशांचे. कितीही पाहिलं तरी ओळख पटेना. या वयात बाप भेटावा आणि परका वाटावा, याची मला लाजच वाटली. युसूफभाईंना हळूच सांगितलं. ते काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिले.

"सर, खिसे बघा. सगळ्यांचे उजवीकडं कसे ओ? निगेटिव्ह उलटी छापलीय. तुमचे वडील ते नाय... हे, उजवीकडून दुसरे."

उजवीकडून दुसरा माणूस सडपातळ होता. कान तर थेट माझेच. मी तिथेच, लोकांसमोर रडलो. युसूफभाईंनी संग्रहालयातल्या बाईंना गाठून फोटो सरळ छापवून घेतला आणि एक प्रत मला आणून दिली. मागे पेन्सिलीने वडिलांचं नाव होतं. पेनाचा वळ पुढे उमटतो, म्हणून ते पेन्सिलच वापरायचे. या माणसाने मला माझा बाप दाखवला. त्यांच्या हयातीत हे मी त्यांना नीट बोलून दाखवलंच नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो. त्यांची मुलगी नसीम म्हणाली, अब्बांनी जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढले, त्यांचा स्वतःचा बरा असा हा एकच, नातीने काढलेला सेल्फी. मी खिसा दाखवला, सेल्फीत आरशासारखा उलटा आलेला. ती आधी हसली, मग डोळे पुसले. मोबाइलवर बोट फिरवून तिने फोटो सरळ केला आणि खाली स्टुडिओत जाऊन प्रत काढून आणली. मागे मी पेन्सिलीने त्यांचं नाव लिहिलं.

आता माझ्या टेबलावर वडील आणि युसूफभाई शेजारी-शेजारी आहेत. दोघांचेही खिसे डावीकडे.