शेवटाआधी उठणारी बेबीमावशी

बेबीमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात, घरी, भाजी निवडत होते. तिची शेजारीण कमल रडत म्हणाली, "ताई, टीव्हीसमोर बसल्या बसल्याच गेल्या वो बेबीताई... सिरियल चालूच होती." आणि सख्खी मावशी गेल्याचं ऐकताना माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की शेवटचा भाग तर नव्हता ना चालू?

कारण मावशी शेवट पाहत नसे. ही माझ्या आईची धाकटी बहीण. लग्न होऊन अकोल्याला गेली, नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणून बसवली, तेव्हा एक पेटी आणि शिलाई मशीन घेऊन अमरावतीला परत आली. राजापेठेत खोली घेतली आणि ब्लाउज शिवायला लागली. मी शाळेत होते. मला घेऊन ती दुपारच्या खेळाला जायची. पिच्चर सगळे एकाच जातीचे... नवरा फसवतो, सासू छळते, बाई रडते, रडते आणि एक दिवस बॅग उचलते. तिनं बॅग उचलली की टॉकीजमधल्या बायका एका हातानं डोळे पुसत, मग दोन्ही हातांनी टाळ्या पिटत. नेमकी तेव्हाच मावशी माझं मनगट धरून उठायची.

"चाल, झाला पिच्चर."

"अजून बाकी आहे ना वो मावशी!"

"बाकी काई नाई. आता तो पाया पडते अन् हे येडी त्याले माफ करते. ते पाहाले पैसे नाई देल्ले आपण."

पुढे घरोघरी टीव्ही आले, तरी नियम तोच. मालिकेतली बाई घराबाहेर पडली की मावशीच्या लेखी ती मालिका संपली. ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या बायका मात्र हमखास विचारायच्या, मग पुढं काय झालं बेबीताई? मावशी टेप गळ्यात टाकून खुशाल सांगायची. एकीनं भातकुलीला पिठाची गिरणी टाकली. एकीनं मूर्तिजापूरला स्टेशनाबाहेर खानावळ काढली. हिऱ्यांच्या व्यापाऱ्याची सूनसुद्धा शेवटी वऱ्हाडातच धंद्याला लागायची! अन् नवरा? "आला होता ना. तिनं भाव नाई देल्ला त्याले." बायका हसून लोटपोट व्हायच्या.

मी कॉलेजात मराठी शिकवते. आमच्याकडे अशा कथांना रडक्या, भडक म्हणून नाकं मुरडतात. खुशाल मुरडा. नवऱ्यानं आणलेल्या दुसरीला पहिलीनं चहा करून द्यायचा, हे माझ्या मावशीच्या घरात काय हळुवार घडलं होतं? ज्यांना स्वतःच्या घरात आवाज चढवायची सोय नाही, त्यांच्या वतीनं पडद्यावर कुणीतरी दार आपटतं. ते ऐकून एखादीची मान अर्धा तास ताठ राहत असेल, तर मला ती कथा थोर वाटते. मावशीची तर जन्मभर ताठ राहिली.

आई आणि मी अमरावतीला पोचलो आणि पाठोपाठ तो आला. मावशीचा नवरा. इतक्या वर्षांत कधी फिरकला नव्हता, पण पिशवीत हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, कुंकू, मंगळसूत्र, सगळं आठवणीनं आणलं होतं. गल्लीतल्या म्हाताऱ्या हरखल्या. "सवाष्ण चालली पोरगी. नवऱ्याच्या हातचं कुंकू भेटून राहिलं. नशीब लागते बापा!" रडून रडून भान हरपलेल्या आईनंही साडी हातात घेतली... आणि माझं डोकंच फिरलं. त्या साडीत ती गेली असती, तर ती शेवटी त्याचीच बायको ठरली असती. तिचं ते पेटी घेऊन निघून येणं गल्लीनं एका दुपारीत पुसून टाकलं असतं.

"मावसाजी, तुमी बाहेर बसा," मी म्हटलं.

"मी नवरा आहो तिचा."

"होते. ते उठून आली, तवाच झाला पिच्चर."

मग आईनं हातातली साडी घडीसकट त्याच्या पिशवीत परत ठेवली. कपाटातून मावशीची राणी रंगाची साडी काढली, वर तिनं स्वतःसाठी शिवलेला ब्लाउज काढला. कपाळावर तिची रोजची काळी टिकली लावली. तो बाहेर पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसून होता. मला त्याची दया आली नाही, आजही येत नाही.

तेरवी झाल्यावर मी तिची खोली आवरायला गेले. खिडकीशी मशीन, समोर टीव्ही, मशीनवर शिवून ठेवलेले ब्लाउज. एकेक बाई येऊन आपापला घेऊन गेली. कमल मात्र दारात घुटमळली.

"ताई, त्या दिवशी आपल्या सिरियलमधली घर सोडून निघाली होती. पुढचं सांगाले बेबीताई राहिल्याच नाई..."

मी आयुष्यात कधी गोष्ट रचली नाही. पण टेप समोरच लटकत होता, तो मी गळ्यात टाकला.

"तिनं सेमाडोहले चहा-नाश्त्याचं हॉटेल टाकलं. वाघ पाहाले येणारे सगळे तिच्याच इथं थांबतात."

"अन् नवरा?"

"आला होता. हिरवी साडी घेऊन आला होता. बाहेर बसवलं त्याले."

कमलनं ब्लाउजची पिशवी काखेत धरली, पदरानं डोळे पुसले.

"बरं केलं," ती म्हणाली.