तिसऱ्यावरची ढिली तार

आत्या सायकलवरून पडली ती वयामुळे, असं आमच्या घरात चार दिवस चाललं होतं आणि ते ऐकून माझ्या अंगाची लाही लाही होत होती.

आत्या दवाखान्यात नर्स आहे. वय सत्तावन्न. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊन पट्ट्या बदलायचं काम ती सव्वीस वर्षं करतेय, आणि जाते ती आपल्या जुन्या, उंच, काळ्या सायकलवर. मागच्या चाकाच्या पोटात तीन गिअर. चढाला पहिला, एरवी दुसरा, सपाट रस्त्याला तिसरा. सायकल उभी करताना ती न चुकता तिसरा टाकते. तिसऱ्यावर गिअरची तार सैल पडते, मग उभ्या सायकलीत तारेवर ताण राहत नाही.

बाबा तिचे मोठे भाऊ, रिटायर झालेले फिटर. घरातला एकही स्क्रू त्यांच्या तावडीतून सुटत नाही. रविवारी ती सैल तार त्यांच्या नजरेला पडली. तीस वर्षं मशिनं सांभाळलेला माणूस बहिणीला विचारतोय कशाला? मला म्हणाले, सायकल धर जरा. मी धरली. त्यांनी तार ताठ ताणली आणि मोठा पराक्रम केल्यासारखे हात पुसले.

सोमवारी सकाळी चौकात आत्या तिसऱ्या गिअरवर उभी राहून पेडल मारायला गेली, तर पेडल रिकामंच फिरलं. उजवं मनगट मोडलं. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी निरोप धाडला, आता सायकल पुरे, एक तारखेपासून खिडकीत बसून पेशंटना नंबर द्या. घरात सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यात मोठा आवाज बाबांचा.

"वय झालं की तोल जातो. मान्य करावं माणसानं," ते जेवता जेवता म्हणाले.

मला बाबांचा राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त. रविवारी काय झालं ते मी पाहिलं होतं आणि मीही मूग गिळून बसले होते.

आत्या ताट सरकवून उठली. सायकलपाशी गेली, तिसऱ्यावरची तार बोटानं दाबून पाहिली. तार हलेना. मग दुसरा गिअर टाकला आणि चाकाच्या नटातल्या भोकातून आत पाहिलं. तारेला जोडलेली आतली दांडी आसाच्या टोकाशी बरोबर यायला हवी, ती पार बाहेर आली होती. तिनं बाबांना बोलावून विचारलं, हात कोणी लावला.

"ढिली होती, म्हणून ताणली. उपकार मान."

"तिसऱ्यावर ती ढिलीच असते, दादा. तू ताणलीस, म्हणून तिसरा बसतच नाही. बस, चालव."

बाबा हसत गल्लीत गेले. तिसऱ्यावर उभं राहून जोर लावला आणि पाय हवेत गेल्यासारखे खाली आले. छाती हँडलवर आपटली. पाय जमिनीला टेकला म्हणून वाचले. सायकल ढकलत परत आले आणि म्हणाले, गिअरमध्ये बिघाड आहे खरा.

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं त्यांच्यासमोर कागद ठेवला आणि मोठ्या डॉक्टरांना लिहायला सांगितलं. बाबांनी लिहिलं, सायकलच्या गिअरमध्ये बिघाड होता. तिनं कागद फाडला. दुसऱ्यांदा लिहिलं, गिअर नीट बसवला गेला नव्हता. तोही फाडला.

"कोणी ते लिही. माझं काम जातंय, दादा. सव्वीस वर्षांत एकदा पडले, ती तुझ्या हातानं."

बाबांचे कान लाल झाले होते. तिसऱ्या कागदावर त्यांनी लिहिलं की मी न विचारता तार ताणली, त्यामुळे बहीण पडली. खाली सही केली.

आत्यानं तो दोनदा वाचला आणि माझ्यापुढे सरकवला.

"तूही सही कर. तार ताणताना सायकल धरायला कोणीतरी लागतं."

मी सही केली. तिनं कागद पर्समध्ये ठेवला.

"आता चल, सायकल धर," ती म्हणाली, आणि खाली बसून डाव्या हातानं तार सैल करायला लागली.