भिंतीवरचं वाक्य

लढाईवरच्या मालिकेचा तो भाग रविवारी सकाळी लागला, तेव्हा प्रकाशचंद किराणावाल्याच्या ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. गावात टीव्ही तेवढा एकच. हिलाल त्या दिवशी धुळ्याहून मुद्दाम आला होता. फौजेतून निवृत्त झाल्यापासून तो तिथल्या एका सरकारी कचेरीच्या फाटकावर पहारेकरी होता. प्रकाशचंदने त्याला पुढे खुर्ची दिली आणि शेजारी झुंबरबाईला बसवलं. एकाहत्तरच्या लढाईत गेलेल्या धनसिंगची ती आई. हिलाल आणि धनसिंग एकाच दिवशी भरती झालेले.

पडद्यावर एक जवान मित्राच्या मांडीवर डोकं ठेवून मरत होता. बराच वेळ मरत होता. आईला, गावाला, देशाला काय काय सांगत होता. बाया पदर तोंडाला लावून रडू लागल्या. प्रकाशचंदची बायको झमकूबाई म्हणाली, “आपला धनसिंग असाच गेला ना, हिलालभाऊ?”

सगळ्यांनी वळून पाहिलं. हिलालने मान हलवली.

अठरा वर्षं तो अशीच मान हलवत आला होता. धनसिंगची ट्रंक घेऊन तो गावात आला, तेव्हा सरपंचांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, “शेवटी काय म्हणाला?” काहीतरी सांगणं भाग होतं. तो म्हणाला, “आईला सांभाळा म्हणाला.” पुढे सरपंचांच्या भाषणांत त्या वाक्याला शेपूट फुटलं आणि एका वर्षी ते शाळेच्या भिंतीवर रंगवलं गेलं: ‘तुम्ही आईला सांभाळा, मी देशाला सांभाळतो.’

भाग संपला, लोक पांगले. हिलाल झुंबरबाईला घरी सोडायला निघाला. शाळेपाशी ती थांबली.

“हाई टीव्हीमां दखाडं, ते खरं शे का रे भाऊ?”

हिलाल दोन पावलं पुढे गेला होता, तो मागे फिरला.

“मना धनसिंग काय बोलना व्हता?”

“काहीच नही, अक्का,” तो म्हणाला. तोंडातून निघून गेलं, एवढंच. “बोलाले येळच भेटना नही.”

मग त्याने राहिलेलं सांगितलं. पहाटेची वेळ होती. धनसिंग वाकून बुटाची नाडी बांधत होता. वीस पावलांवर हिलाल चहाचा मग घेऊन उभा होता. गोळा पडला. धूर खाली बसल्यावर त्याने धनसिंगकडे पाहिलं आणि हातातला चहा शेवटपर्यंत प्यायला. का प्यायला, ते त्याला तेव्हाही कळलं नव्हतं. त्यानंतर बाप गेला, पोरीची सासरी पाठवणी झाली, पण त्याच्या आत काही हललं नाही. ओझं उचलावं आणि ठेवावं, तसे ते दिवस गेले.

झुंबरबाई भिंतीकडे बघत होती.

“मंग हाई लिखेल शे ते?”

“ते मी बोलनू व्हतू.”

“माले ठाऊक व्हतं,” ती म्हणाली. “तो माले माय म्हणे. आई कधीच म्हणे नही.”

हिलालला वाटलं, आता ती रडेल, नाहीतर शिव्या तरी देईल. तिने तेवढंच विचारलं, “त्याले तरास नही व्हयना ना मंग?”

“नही, अक्का.”

“बरं,” ती म्हणाली आणि चालू लागली.

घरी तिने त्याला जेवायला बसवलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत होतं. तो जेवला. एवढ्या वर्षांचं खोटं उतरलं, आता छातीत काहीतरी हलेल म्हणून तो घास चावता चावता वाट बघत राहिला. काही हललं नाही. झुंबरबाईने न विचारता आणखी अर्धी भाकरी वाढली, तीही त्याने संपवली.

दुपारच्या एसटीत त्याला खिडकीजवळची जागा मिळाली. एरवी गाडीत त्याला झोप लागत नसे; आज बसल्या बसल्या डोळा लागला. धुळ्याचं स्टँड आलं, गाडी रिकामी झाली, तेव्हा कंडक्टरने खांद्याला धरून त्याला उठवलं.