हवेतले नऊ तास

आमच्या काकाने आयुष्यात एकदाही विमानात पाय ठेवला नाही, पण साऱ्या जगाची अंतरं त्याला तोंडपाठ. विमानाची तिकिटं विकणाऱ्या कचेरीत तो बत्तीस वर्षं काचेमागे बसला. समोरच्याने शहराचं नाव घेतलं रे घेतलं की हा मान वर न करता ठोकून द्यायचा, इतके किलोमीटर, इतके तास. घरात आम्ही त्याला किलोमीटरकाका म्हणायचो आणि त्याला ते कौतुक वाटायचं. उथळ पाण्याला खळखळाट फार.

त्याचे तास म्हणजे फक्त हवेतले. मध्ये दोनदा विमान बदलायचंय, बाकड्यांवर ताटकळायचंय, हे तो तिकीट छापून झाल्यावर सांगायचा, तेही कुणी खोदून विचारलं तर. आधी सांगितलं तर गिऱ्हाईक उठून जातं, असं वर तोंड करून म्हणायचा.

मी नोकरीसाठी निघाले तेव्हा आईलाही त्याने हेच ऐकवलं. "सात हजार दोनशे किलोमीटर, वहिनी. नऊ तास. सकाळी निघाली की संध्याकाळी तुमच्या दारात." आईने ते मनाशी घट्ट धरलं. मला पोचायला एकतीस तास लागले. तिच्या जिवाला घोर नको म्हणून पहिल्या थांब्यावरूनच मी 'पोचले' असा फोन केला. तेवढं पाप माझंही.

तीन वर्षांनी मावशीचा फोन आला, आईचं काही खरं नाही, असशील तशी ये. आईच्या घड्याळात सकाळचे दहा वाजले असताना माझं विमान उडालं. आईने विचारलं, किती वेळ लागेल? काका उशाशीच बसला होता. म्हणाला, नऊ तास.

मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला पोचले. आई दुपारी एकला गेली होती. काका दारातच उभा होता. मला बघून म्हणाला, "विमान वेळेवर होतं ना?" त्या क्षणी मला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं.

बाकीचं मावशीने सांगितलं. संध्याकाळी सात वाजता आईने दार उघडं ठेवायला लावलं. आठला पुन्हा विचारलं. निघताना मी मावशीला एकतीस तास लागतील असं कळवलं होतं; ती ते खरं सांगायला गेली, तर काकाने तिला डोळ्यांनीच दटावलं. येईलच एवढ्यात, म्हणाला.

मी त्याला जाब विचारला. तो म्हणाला, एकतीस ऐकून तिने धीर सोडला असता.

धीर तिने सोडलाच. सकाळी तिने मावशीला दार लावून घ्यायला सांगितलं. म्हणाली, "यायचं नव्हतं तर तसं सांगायचं होतं तिने. मी काय रागावले असते का?"